पाइपाच्या उबेनं फुललेलं झाड

"लेल्या डोन्का! फुललं! झाड फुललं!"

प्लामेन एवढ्या मोठ्यानं ओरडत आला, की वरच्या मजल्यावर नाचाची तालीम करणाऱ्या बायकांचे पाय थबकले. गाब्रोवो गावच्या चितालिश्तेत वाचनालय, नाटकाचा रंगमंच, नाचाचा वर्ग असं सगळं एकाच छपराखाली नांदतं, त्यामुळे एकाची बातमी सगळ्यांची होते. डोन्का राचेवा, अख्ख्या गावाची लेल्या, म्हणजे मावशी, खाली संगणकांच्या खोलीत बसली होती. तिनं चष्म्याच्या वरून पाहिलं. प्लामेनचं मनगट मोकळं होतं.

एक मार्चला बांधलेला लाल-पांढरा दोरा, मार्तेनित्सा, फुललेलं झाड नाहीतर परतलेला करकोचा दिसेपर्यंत सोडायचा नसतो. दिसला की सोडायचा आणि झाडाला बांधायचा. हा तर मार्चचा पहिलाच आठवडा. डोंगरावर अजून बर्फ.

"कुठलं रे झाड?"

"बॉयलरघरामागचं आलुबुखार. पांढरंफेक! मी दोरा बांधूनसुद्धा आलो."

डोन्का हसत सुटली. "अरे वेड्या, त्याच्या मुळांखालून गरम पाण्याचा पाइप जातो. ते झाड दर वर्षी फसतं, आणि दर वर्षी तुझ्यासारखा एखादा त्याच्याबरोबर फसतो."

"फसू दे! खरी बातमी पुढंच आहे." प्लामेननं खुर्ची उलटी करून तिच्यावर बैठक मारली. शाळेत संगणक शिकवणारा हा माणूस स्वतः कधी सरळ खुर्चीत बसला नसेल. "मोठ्या ब्राउझरांनी 'बोलतं पान' चालू केलं, वेबपानं वाचून दाखवायचा तो नवा नियम. सगळ्यांनी! आता आपणच राहिलो, लेल्या."

आपण म्हणजे स्वेतुल्का. स्वेतुल्का म्हणजे काजवा, आणि हा ब्राउझर नावासारखाच होता: छोटा, हलका, जुन्यापुराण्या संगणकावरही लुकलुकत राहणारा. कुणा एकाच्या मालकीचा नाही. कोड उघडा, ज्याला हवा त्यानं घ्यावा, बदलावा, पुढं वाटावा. पात्रासचा एक दंतवैद्य, काउनासमधल्या दोघी बहिणी, असे कुठकुठले लोक फावल्या वेळात त्यात भर घालत. पण आलेली भर आत घ्यायची की दारातूनच परत पाठवायची, हे ठरवायचं ते एकट्या डोन्कानं. खेड्यातल्या शाळा, वाचनालयं, अंधांच्या संस्था, जिथं नवा संगणक कधी येतच नाही, तिथं सगळीकडे स्वेतुल्का होती.

डोन्काकडे या दाराची किल्ली आली कशी, तेही सांगायला हवं. तरुणपणी ती कापडगिरणीत गणकयंत्राच्या खोलीत कामाला होती. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्या बाया रडत घरी गेल्या. डोन्काही रडली; पण दुसऱ्या दिवशी चितालिश्तेत येऊन म्हणाली, "तुमचा तो संगणक धूळ खातोय, पुसू का?" पुसता पुसता तिथंच राहिली. पुढं गावातल्या एका इंजिनिअरनं स्वेतुल्का लिहिली आणि तो कॅनडाला निघाला. शेजारणीला कुंड्यांना पाणी घालायला सांगून जावं, तशी किल्ली हिच्या हातात ठेवून गेला. तो काही परतला नाही, आणि कुंड्यांची झाली बाग.

त्याच बागेत डोन्का एकदा चांगली पोळली होती. एका जातीची चित्रं तेव्हा सगळी दुनिया वापरत होती, म्हणून तिनंही ती दाखवायची सोय केली. मग कळलं, की त्यामागच्या कल्पनेवर कुणाचं तरी पेटंट आहे. नोटीस आली. केलेलं काम तिला स्वतःच्या हातानं उपटावं लागलं, आणि कितीतरी शाळांमधली पानं चित्रांच्या जागी भोकं घेऊन उभी राहिली. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची.

"बोलतं पान अजून मसुदाच आहे," ती म्हणाली. "हरकतीची मुदत संपू दे."

"मुदत, मुदत! मुदत संपेपर्यंत लोक स्वेतुल्काला विसरतील. लेल्या, गाब्रोवोचे लोक म्हणे मांजराची शेपटी कापतात, ते आत येताना दार कमी वेळ उघडं राहावं, ऊब वाचावी म्हणून. तू तर मांजरच बाहेर ठेवलंस!"

वरच्या बायका जिन्यावर येऊन ऐकत होत्या. त्या खदखदून हसल्या. डोन्काही हसली. पण जीभ टाळूला लावून तिनं 'च्' केलं आणि हनुवटी वर उडवली. गाब्रोवोत 'नाही' असं म्हणतात.

*

घरी मात्र तेच 'नाही' म्हणणं तिला जड गेलं.

तिचा थोरला भाऊ त्रिफोन टेबलाशी बसला होता. समोर घेवड्याचं सूप निवत होतं, पण त्याचं लक्ष संगणकाकडे. त्रिफोन आयुष्यभर लेथवर उभा राहिला. मग काचबिंदूनं डोळे नेले, आणि राहिलं ते बुद्धिबळ. अंध खेळाडूंची मोठी स्पर्धा गेर्ग्योव्हदेनला, म्हणजे मे महिन्यातल्या संत जॉर्जच्या सणाला सुरू व्हायची होती. घरी बसून, वेबसाइटवरून खेळायची. त्यासाठी तो हिवाळाभर तयारी करत होता.

"ऐक," तो म्हणाला आणि त्यानं कळ दाबली.

"चित्र," संगणक म्हणाला. "चित्र. चित्र. चित्र."

"चौसष्ट घरं आणि चौसष्ट चित्रं! काल बोलत होती गं ही. आज काय झालं?"

डोन्कानं पाहिलं. स्पर्धावाल्यांनी आपली वेबसाइट बोलत्या पानावर नेली होती. मोठे ब्राउझर करतात म्हणून त्यांनीही केलं. त्यांचं तरी काय चुकलं! बोलतं पान सोबतच सांगतं, की मला कसं वाचून दाखवायचं. अंध माणसाला याहून काय हवं? पण मोठा ब्राउझर त्रिफोनच्या संगणकावर उघडायचा आणि दम लागून पडायचा. नवा संगणक घ्यावा, तर त्याच्या बोटांखालची ब्रेलच्या ठिपक्यांची पट्टी नव्याशी बोलायची नाही. त्याचं सगळं जग स्वेतुल्कात.

"डोन्के," तो म्हणाला, "बहिणीच्या हातात किल्ली आणि भाऊ पायरीवर. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, खरी गाब्रोवोची आहे. भावालासुद्धा फुकट काही देत नाही."

"चेष्टा नको."

"नाही करत, बाते." थोरल्या भावाला ती लहानपणापासून बातेच म्हणायची. ती त्याच्यासमोर बसली. "तू घरी राकिया गाळतोस. तुला कुणी काही विचारतं?"

"कोण विचारणार? विचारणाऱ्याला मी आधी पेला देतो."

"उद्या बाटलीवर नाव चिकटवून चौकात वाटायला बसलास तर?"

"तर पोलीस येतील. आणि आधी पिऊन घेतील."

"तेच सांगतेय. हा नियम ज्या समितीत लिहितात, तिथल्या सगळ्या कंपन्यांनी वचन दिलंय, की यात आमची पेटंटची कल्पना आली तर ती सगळ्यांना मोकळी. पण वचन पक्कं होतं ते हरकतीची मुदत संपल्यावर. तोवर कुणीही उठून म्हणू शकतं, हा तुकडा आमचा, हा वगळा. घरात करून पाहायला कुणाची ना नाही. स्वेतुल्कात घालून वाटलं, की झालं चौकात. आणि मग नोटीस आली तर? मोठे परवाना विकत घेतील. आपण घेतला तरी तो आपल्यापुरता. आपल्याकडून ज्यानं पुढं घेतली, त्याचं काय? जी पुढं वाटता येत नाही, ती स्वेतुल्काच नव्हे. मग सगळ्या शाळांमधून ती काढावी लागेल. तुझ्याही इथून."

त्रिफोननं सूप ढवळलं.

"म्हणजे घरात चालतं?"

"घरात चालतं."

"मग घरात कर की, बाई! बसलीस काय?"

*

आणि मग घरात जे सुरू झालं, त्याला उत्साह म्हणावा की पूर आला म्हणावं!

प्लामेन शाळा सुटली की धावत यायचा. डोन्का चितालिश्तेतून येताना चीज भरलेल्या पापुद्र्यांची गरम बानित्सा आणायची, आणि चीजचे तुकडे कळांवर सांडत दोघं कोड लिहायचे. एक ओळ याची, एक तिची. काउनासच्या बहिणी तिकडे आपापल्या घरी तेच करून पाहत होत्या आणि काय अडलं ते कळवत होत्या. आणि एका दुपारी संगणक खाकरला, म्हणजे तसंच वाटलं, आणि म्हणाला:

"पांढरा घोडा, एफ तीन."

त्रिफोन उठून उभाच राहिला. प्लामेननं डोन्काला उचलून गरकन फिरवलं. "अरे सोड, माझी कंबर!" असं म्हणत तीही हसत होती आणि डोळे पुसत होती.

"काळा उंट, बी चार," संगणक म्हणाला. पण हे म्हणताना त्याचा आवाज खाली खोल गेला, मग हेलकावे घेत वर आला. बोलत्या पानातला हा नवा तुकडा होता. काळ्याचा सूर वेगळा, पांढऱ्याचा वेगळा, शह दिला की थरथर. समितीतल्या लोकांना त्याचं मोठं कौतुक.

त्रिफोननं कपाळाला हात लावला. "हा उंट चालतोय की ऑपेरा गातोय? मला घर सांगा रे, नुसतं घर! बोटांना ठिपके वाचू देत की ह्याचं रडणं ऐकू?"

प्लामेन पोट धरून हसला. पण डोन्का हसली नाही. तिनं ते जसंच्या तसं समितीला लिहून पाठवलं: आमच्याकडे रोज वापरणाऱ्या अंध माणसाला हा सुरांचा भाग नको आहे, त्याच्यावाचून पान जास्त स्पष्ट बोलतं, तो भाग काढून कसं चालतं, ते आम्ही घरी करून पाहिलं आहे, सोबत जोडलं आहे. समितीनं आभार मानले आणि विषय बाजूला ठेवला. लहानांच्या सूचनांचं होतं तेच झालं.

इकडे त्रिफोननं मोठ्या ऐटीत स्पर्धेला नाव दिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. घरी तयार केलेला ब्राउझर चालणार नाही. त्याच्या पोटात कुणी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लपवला असेल तर? सगळ्यांसाठी जाहीर झालेली आवृत्तीच चालेल.

"बरोबर आहे त्यांचं," त्रिफोन म्हणाला. "मी पंच असतो तर हेच म्हणालो असतो." आणि तोंड भिंतीकडे करून बसला.

*

आता प्लामेन पेटला. नावाचा अर्थच ज्वाळा, मग काय!

"लेल्या, काम तयार आहे. एक कळ दाबायची आहे. आणि कसलं पेटंट घेऊन बसलीस? आपल्या देशात नुसत्या सॉफ्टवेअरवर पेटंट मिळतच नाही!"

"आपल्या देशात. स्वेतुल्का आपल्याच देशात राहते का? ती जिथं जिथं उतरवून घेतात, तिथला कायदा तिच्या मानगुटीवर."

"मग बंद करून घाल. आत ठेवायचं, पण चालू करायचं नाही. ज्याला हवं तो खटका दाबून चालू करील."

"बाटली टेबलाखाली ठेवून विकली तरी ती विकलीच."

"मोठ्यांनी चालू केलंय ना! त्यांना अक्कल नाही?"

"त्यांना वकील आहेत." डोन्काचा आवाज चढला. "आणि तुला दिसत नाही का रे ते काय करतायत? कच्चा नियम आधी चालू करायचा, लोकांना त्यावर पानं बांधू द्यायची, मग समितीला सांगायचं, आता बदलू नका, पानं मोडतील. पाइपाच्या उबेनं फुलवलेलं झाड आहे ते. वसंत नाही आला."

प्लामेन उठला. "मग मी कोड घेतो आणि वेगळा ब्राउझर काढतो. मुभा आहे मला."

"आहे. घेऊन जा. सगळ्यांचाच आहे."

तो दार आपटून गेला. डोन्का बसून राहिली. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिनं नवी आवृत्ती जाहीर करायचं पान उघडलं होतं, आणि भावाचा भिंतीकडे वळलेला चेहरा आठवून बोट कळेवर ठेवलंही होतं. एवढी एक कळ. कुणाला कळणार होतं! पण शाळा आठवल्या, भोकं पडलेली पानं आठवली. तिनं बोट काढून घेतलं, कोट चढवला आणि बाहेर पडली.

बाहेर बर्फ पडत होता. बाबा मार्ता, मार्चची लहरी म्हातारी, पुन्हा रुसली होती. बॉयलरघरामागं आलुबुखाराची फुलं तपकिरी होऊन लोंबत होती, आणि त्यांच्यात एक लाल-पांढरा ओला दोरा. झाडाखाली कॉलर वर करून एक माणूस उभा होता.

"काय रे, वेगळा ब्राउझर काढायला निघाला होतास ना?"

"दोरा न्यायला आलोय," प्लामेन खाली बघत म्हणाला. "गाठ सुटत नाही."

"बांधलेला सोडू नये. राहू दे. फसल्याची आठवण म्हणून बरा आहे." मग तिनं त्याच्या कोटावरचा बर्फ झटकला. "चल, सूप आहे घरी."

*

मुदत संपत आली, तसं गावात जो भेटेल तो विचारू लागला. नाचणाऱ्या बायका, पाववाली, अगदी बसचा ड्रायव्हरसुद्धा. "काय डोन्का, आला का करकोचा?" त्यांना पेटंट कळत नव्हतं, पण वाट पाहणं कळत होतं.

आणि मुदत संपायला अगदी थोडे दिवस राहिले असताना प्लामेन पुन्हा ओरडत आला. या वेळी 'फुललं' नव्हतं.

"आली! लेल्या, हरकत आली!"

समितीतल्याच एका कंपनीनं कळवलं होतं: आवाजाच्या सुरांचा भाग आमच्या पेटंटमध्ये येतो. तो वचनातून वगळत आहोत.

वरची तालीम बंद पडली. डोन्कानं छातीवर क्रुसाची खूण केली. पडद्यावर बातम्यांचा धबधबा लागला होता. मोठ्यांचे वकील कामाला लागले. हजारो पानं त्या सुरांवर बांधून झालेली. त्यांचे मालक शंख करत होते. आणि दूरच्या एका शहरातला छोटा ब्राउझर, स्वेतुल्कासारखाच चार लोकांनी चालवलेला, ज्यानं घाईनं बोलतं पान घातलं होतं, तो त्याच दिवशी सगळीकडून मागं घ्यावा लागला.

"आपण वाचलो!" प्लामेन नाचत होता. "लेल्या, तू म्हणालीस, तू म्हणालीस, आणि मी गाढव..."

"गप. त्यांच्या घरी आज काय चाललं असेल?"

त्या संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली. जिवंत माणसांसाठी मेणबत्ती वर लावायची, गेलेल्यांसाठी खाली वाळूत. त्या बुडालेल्या ब्राउझरसाठी आणलेली मेणबत्ती हातात धरून ती क्षणभर घुटमळली, आणि मग तिनं ती वरच लावली. माणसं आहेत ना जिवंत; पुन्हा उभारतील.

घरी आली तर त्रिफोन दारातच. प्लामेननं फोन केला होता.

"डोन्के! म्हणजे तो ऑपेराच चोरीचा निघाला?"

"चोरीचा नाही रे, दुसऱ्याचा."

"मग काढून टाका म्हणावं! मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझं पत्र कुठं ठेवलं त्यांनी?"

डोन्का दारातच थबकली. मग कोट न काढता तशीच टेबलाशी बसली. बाजूला ठेवलेली ती सूचना! सुरांवाचून चालणारं बोलतं पान घरी करून, तपासून, समितीसमोर मार्चपासून पडलेलं होतंच. तिनं एवढंच लिहिलं: 'आमची सूचना पुन्हा विचारात घ्यावी. तिच्यात त्या कंपनीचा भाग कुठेच नाही.' काउनासच्या बहिणींनी दुजोरा दिला. दंतवैद्यानं दिला. मग आणखी तीन देशांतल्या अंधांच्या संस्थांनी लिहिलं: आम्हालाही सूर नकोत, आम्हाला घर हवं.

समितीला दुसरा रस्ताच उरला नव्हता. नवा तुकडा घालायचा असता तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली असती. हा तर नुसता काढायचा होता. मतदान झालं. सुरांचा भाग गेला. उरलेल्यावर कुणाची हरकत आली नाही, आणि मुदत संपली. वचन पक्कं झालं. समितीबाहेरचा कुणी उद्या उठला तर देव राखो. पण माणसानं राखायचं तेवढं राखून झालं होतं.

*

एप्रिलमध्ये टेकडीवरच्या नाशपाती फुलल्या. पाइप नाही, बॉयलर नाही, नुसतं ऊन. डोन्कानं आपला मळलेला दोरा सोडला, फांदीला बांधला आणि खाली येऊन ती कळ दाबली. चितालिश्तेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्लामेननं तिला उचलायला हात पुढं केले, तशी ती टेबलामागं पळाली. "कंबर! कंबर!"

स्पर्धावाल्यांनीही पानं दुरुस्त केली. गेर्ग्योव्हदेनला घरभर भाजलेल्या कोकराचा वास होता. त्रिफोन इस्त्रीचा सदरा घालून बसला, जणू समोरचा खेळाडू त्याला बघणार होता. त्याच्या वाट्याला काळी मोहरी आली होती.

"पांढरं प्यादं, ई चार," स्वेतुल्का म्हणाली. स्पष्ट, सपाट, न गाता.

त्रिफोन खुर्चीच्या कडेला सरकला. पहिली चाल झटकन, दुसरी त्याहून झटकन. "बाते, दमानं," डोन्का कुजबुजली. त्याला कुठला दम! हिवाळाभर साठवलेली भूक होती ती. थोड्याच वेळात स्वेतुल्का म्हणाली, "पांढरा वजीर, एफ सात. शह आणि मात."

प्लामेननं कोकराच्या ताटाकडे बघण्याचं निमित्त केलं.

मग त्रिफोननं टेबलावर मूठ आपटली, आणि त्याचा चेहरा उजळून निघाला.

"हरलो! शाळकरी पोरासारखा हरलो! पण कुठं चुकलो ते प्रत्येक घर मला नीट ऐकू आलं, डोन्के!" आणि पट्टीवर बोटं ठेवत तो म्हणाला, "दुसरा डाव लाव. आणि त्या प्लामेनला सांग, कोकराला हात लावायचा नाही. अजून मुदत आहे."